आजोबांच्या रंधा मशीनचं साल कसं काढायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कळव्याची आजोबांची वखार रिकामी करताना ताडपत्रीखाली बिडाचं एक जुनं रंधा मशीन निघालं. बारा इंची, लाकूड हातानं सरकवायचं. बनवणाऱ्याची पाटी नाही. मुंबईच्या कुणा एजंटाची छोटी पितळी पाटी आहे, तिच्यावर पत्त्यात नुसतं 'बॉम्बे १'. टेबलाच्या कडेला १९२६ असा नंबर ठोकलेला आहे. मोटर क्रॉम्प्टन ग्रीव्हजची. भंगारवाला किलोनं मागतोय, तर जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतोय की हे १९२६ चं इंग्लिश मशीन आहे, नंबरच सांगतोय ना. यात खरं काय? सोबत अकरा फोटो पाठवलेत, ते सगळे मोठे करून पाहिले.

आधी त्या नंबराचं. १९२६ हे साल नाही. योगायोगानं तेच साल निघालं तर गोष्ट वेगळी, पण त्या आकड्यावरून ते ठरत नाही. कारखाने नंबर ठोकायचे ते स्वतःच्या वहीसाठी. कुठलं मशीन कुणाला गेलं, पुढे त्यानं एखादा सुटा भाग मागितला तर कुठल्या मापाचा पाठवायचा, एवढ्यासाठी. ती वही असेल तरच नंबराचं साल होतं. वही नसेल तर नंबर फक्त एवढंच सांगतो की त्याच कारखान्याचं ११०० नंबरचं मशीन याच्या आधीचं आणि २५०० नंबरचं नंतरचं. तेही नंबर एकापासून सुरू केले असतील आणि मध्ये उड्या मारल्या नसतील तर. बऱ्याच कारखान्यांनी भलत्याच आकड्यापासून सुरुवातही केली आहे आणि मध्ये उड्याही मारल्या आहेत. आणखी एक गंमत. नंबर ठोकायच्या पंचांच्या डब्यात ६ आणि ९ ला एकच पंच असतो. फिटरनं तो उलटा धरला की २६ चे २९ होतात. म्हणून शेवटी ६ किंवा ९ असला की मी थोडा थांबतो.

ठोकलेला नंबर आणि उठावाचा नंबर यांतला फरकही लक्षात घ्या, कारण तुम्ही तिसऱ्या फोटोत दोन्ही एकत्र लिहिलेत. बिडावर उठून दिसणारा आकडा लाकडी पॅटर्नवरच (ज्यावरून वाळूचा साचा काढतात तो नमुना) होता, त्यामुळे त्या मॉडेलच्या प्रत्येक मशीनवर तोच असणार. तो भागाचा नंबर. पंचानं ठोकलेला, जरा वाकडातिकडा, खोल गेलेला आकडा फक्त तुमच्या मशीनचा. तिसरा एक प्रकार असतो. बेअरिंगच्या टोपीवर आणि तिच्याखालच्या बैठकीवर सारखाच, दोन आकडी नंबर. तुमच्याकडे '३१' आहे. तो फिटरचा. टोप्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून. त्यातून साल निघत नाही, पण टोपी मूळची आहे हे कळतं, आणि पुढे ते फार कामाला येणार आहे.

माझी शेड वागळे इस्टेटला आहे आणि चौतीस वर्षं हेच काम करतोय. साल काढायची माझी पद्धत साधी आहे. मशीनवरच्या प्रत्येक गोष्टीला विचारायचं: तू कधीपासून असू शकतेस आणि कधीपर्यंत? मग दोन्ही बाजूंनी आवळत यायचं. यात चूक एकाच ठिकाणी होते, नंतर बदललेल्या भागाला मूळचा भाग समजण्यात. आपल्याकडे मशीन कधी एका मालकाकडे मेलेलं नाही. रेल्वे, गिरणी, वखार, मग मुलाची वखार, असा त्याचा प्रवास असतो, आणि प्रत्येकानं काहीतरी काढलेलं आणि लावलेलं असतं.

म्हणून मोटर सर्वांत आधी बाजूला काढा. मोटर हा भाडेकरू. क्रॉम्प्टन ग्रीव्हज हे नावच १९६६ पासूनचं. त्याआधी क्रॉम्प्टन पार्किन्सन, आणि ते नावही १९२७ च्या विलीनीकरणानंतरचं. मोटरच्या पाटीवर आयएस ३२५ (मोटरांचं भारतीय मानक) असं लिहून पुढे एखादं साल असेल, तर ते मोटर बनल्याचं साल नसून मानकाच्या आवृत्तीचं आहे. आयएस ३२५-१९७८ असेल तर मोटर १९७८ च्या आधीची नाही, एवढंच. विजेच्या वारंवारतेपुढे 'सायकल्स' लिहिलंय की 'हर्ट्झ' हेही बघा. हर्ट्झ हे एकक १९६० साली अधिकृत झालं आणि पाट्यांवर यायला आणखी काही वर्षं गेली. हे सगळं मोटरचं वय. मशीनचं नव्हे.

मोटर नंतर लावली हे कशावरून? सातवा फोटो बघा. मोटर ज्या अँगलवर बसली आहे तो पायाला वेल्डिंग केलेला आहे, आणि त्याची भोकं गॅसनं कापून कानसलेली आहेत. कारखान्यातून मोटरसकट निघालेल्या मशीनला मोटरसाठी ओतीव, रंधून सपाट केलेली बैठक असते. शिवाय त्याच पायावर वीतभर वर आटे पाडलेली दोन रिकामी भोकं आहेत, आजूबाजूचं बीड चकचकीत झिजलेलं. तिथे पट्टा सरकवायचा दांडा होता. म्हणजे मूळ मशीन लाइनशाफ्टवर चालायचं. छताजवळून एकच लांब शाफ्ट, त्यावरून प्रत्येक मशीनला सपाट चामडी पट्टा. खाली शेजारी शेजारी दोन पुल्या, एक शाफ्टला पक्की आणि एक मोकळी फिरणारी. मशीन थांबवायचं तर दांड्यानं पट्टा मोकळ्या पुलीवर ढकलायचा. तुमच्या शाफ्टवर आता दोन खाचांची व्ही पुली आहे, पण चावीची खाच (पुली शाफ्टला पक्की करणारी चावी जिच्यात बसते ती) तिच्या बाहेर दोन इंच पुढे गेलेली दिसते. ती जागा त्या जुन्या रुंद पुलीची. व्ही पट्टा जॉन गेट्सनं १९१७ साली आणला आणि मशिनरीत तो तिशीच्या दशकात रुळला. त्यानंतर प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर हीच रीत झाली. म्हणजे हा धागा आपल्याला मागे ओढतो. पण फार जोरानं नाही, कारण ज्याच्याकडे लाइनशाफ्ट होताच त्यानं पुढेही बरीच वर्षं पट्ट्यावरचीच मशीन मागवली.

मोटरवरून एक जाता जाता. मोटर मूळचीच आहे आणि पाटीवर वेग १७२५ किंवा ३४५० दिलाय असं कधी दिसलं, तर ती ६० सायकलची, म्हणजे अमेरिकेकडची. आपल्या ५० सायकलवर तीच मोटर साधारण १४४० आणि २८८० नं फिरते. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या उरलेल्या मालाच्या विक्रीत, अमेरिकन माल आपल्याकडे आला तो असा ओळखू येतो. त्यात डेल्टाचं एखादं मशीन मिळालं तर पाटीवरचं नावच अर्धं काम करतं. कंपनी मिलवॉकीत १९१९ ची, १९४५ साली ती रॉकवेलकडे गेली, १९८१ साली पेंटेअरनं घेतली. ज्या पाटीवर रॉकवेल आहे ती १९४५ च्या आधीची असूच शकत नाही.

आता बेअरिंग. तुमच्याकडे कटरच्या शाफ्टला दोन्ही बाजूंना दुभंगलेल्या टोप्या, वर तेलाच्या पितळी कुप्या, आत व्हाईट मेटल, म्हणजे मऊ मिश्रधातूचं अस्तर. बॉल बेअरिंग असतं तर गोल झाकण आणि ग्रीस निपल दिसलं असतं. चांगल्या इंग्लिश कारखान्यांनी कटरच्या शाफ्टला बॉल बेअरिंग विशीच्या दशकातच द्यायला सुरुवात केली होती, स्वस्त मशीनांत व्हाईट मेटल पुढेही टिकलं. त्यामुळे व्हाईट मेटल दिसलं की लगेच १९१० म्हणायचं नाही. बॉल बेअरिंग असेल तर त्याच्या रिंगवरचं नाव वाचायचं. रिंगवर आरएचपी असेल तर ते बेअरिंग १९६९ नंतरचं, कारण रॅन्सम अँड मार्ल्स, हॉफमन आणि पोलार्ड एकत्र होऊन ते नाव तेव्हा झालं. पण बेअरिंग म्हणजे चपलेसारखं, झिजलं की बदललं. ते मशीनचं साल सांगत नाही, शेवटची दुरुस्ती केव्हाच्या पुढची ते सांगतं.

कटरचा ब्लॉक, म्हणजे पाती धरून फिरणारा ठोकळा, मात्र महत्त्वाचा. जुन्या रंध्यांना चौकोनी ब्लॉक असायचा, त्याच्या बाजूंना पाती बोल्टानं आवळलेली. टेबलाच्या ओठापासून ब्लॉकपर्यंत एवढी फट राहायची की बोट गेलं तर पूर्ण गेलं. ब्रिटनमध्ये १९२२ च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी हातानं सरकवायच्या रंध्यांना गोल ब्लॉक सक्तीचा केला. तुमचा गोल आहे. म्हणून लोक म्हणतात, १९२२ नंतरचं मशीन. इतकं सरळ नाही. एक तर गोल ब्लॉक नियमाच्या आधीपासून मिळत होते. दुसरं, नियम आल्यावर जुन्या मशीनांना गोल ब्लॉक बसवूनही घेतले गेले. तुमच्या शाफ्टवर ब्लॉक वेगळा चढवलेला आहे की शाफ्टासकट एकसंध आहे, ते पाती काढून टॉर्च मारून बघा. एकसंध असेल आणि बेअरिंगच्या टोपीवर तोच '३१' असेल, तर ब्लॉक मूळचा मानायला माझी हरकत नाही. आणि ज्याच्याकडे आजही चौकोनी ब्लॉकचं मशीन आहे त्यानं ते शोभेला ठेवावं. चालवू नये. माझ्या ओळखीच्या दोन सुतारांची चार बोटं त्यात गेली आहेत.

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार बोल्ट. त्याकडे कुणी बघत नाही म्हणून तो खोटं बोलत नाही. पण बाहेरचा, रोज उघडायचा बोल्ट घेऊ नका, तो कुणीतरी मुंबईच्या हार्डवेअर बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून, आणून लावलेला असतो. डोक्यावर ८.८ (मेट्रिक बोल्टाच्या ताकदीचा आकडा) लिहिलेलं असलं की समजायचं, हा अलीकडचा पाहुणा. टेबलाच्या खालचा, पायाला चौकट धरून ठेवणारा, रंगाखाली दडलेला चार सुती, म्हणजे अर्धा इंची बोल्ट शोधा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तो काढून साफ करा, आटे कार्बन पेपरखाली कोऱ्या कागदावर दाबून फिरवा आणि एका इंचात किती खुणा येतात ते मोजा. १२ आल्या तर व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश वळणाचा. १३ आल्या तर अमेरिकन किंवा १९४९ नंतरचा युनिफाइड, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेचा सामाईक. चार सुतीच का, तर बाकी नेहमीच्या मापांत दोन्हीकडचे आटे संख्येनं सारखेच असतात, पाव इंचाला २०, पाऊण इंचाला १०. फरक कोनाचा, ५५ आणि ६० अंश, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अर्ध्या इंचाला मात्र चोर सापडतो. दोन आट्यांमधलं अंतर पावणेदोन मिलिमीटर भरलं तर तो १२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, मग आपली कथाच वेगळी. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली.

व्हिटवर्थ निघाला की व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरनं) बोल्टाच्या डोक्याचं माप घ्या, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं. युद्धाच्या आधीच्या अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टाचं डोकं ०.९२ इंच, म्हणजे साधारण २३.४ मिलिमीटर. युद्धकाळात लोखंड वाचवायला ब्रिटननं डोकं एक साइज खाली आणलं, ०.८२ इंच, म्हणजे २०.८ मिलिमीटर. पुढे तेच कायम झालं. म्हणून तर जुन्या पान्यांवर दोन दोन मापं असतात आणि नवीन पोरांना कळत नाही की अर्धा इंच लिहिलेला पाना अर्धा इंची बोल्टाला ढिला का होतो. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टाच्या दांड्याचं माप लिहितात, डोक्याचं नव्हे, त्यात हा घोळ. तुमच्या आतल्या बोल्टांची डोकी सगळीच्या सगळी २३.४ च्या आसपास भरली, तर मी मशीन युद्धाच्या आधीचं म्हणून लिहून द्यायला तयार आहे. फोटोवरून ती मोठी वाटतात. पण फोटोवरून वाटणं आणि व्हर्नियर यांत मी व्हर्नियरचं ऐकतो.

आता ते 'इंग्लिश' असण्याबद्दल. इथे मी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय, म्हणून सांगतो. धंद्यात पाच-सहा वर्षं झाली होती. फर्निचरच्या एका कारखानदारानं थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन) घ्यायचा म्हणून मला बघायला नेलं. शिलफाट्याच्या एका गोडाऊनमध्ये होता. समोर इंग्लंडमधल्या लेस्टरच्या नामांकित कारखान्याची पितळी पाटी, अक्षरं सुबक, नंबर स्पष्ट. मी म्हटलं, तिशीच्या दशकातला, डोळे झाकून घ्या. त्यांनी तशी किंमत मोजली. रंगवायला माझ्याकडे आणला आणि पाटी काढली, तर ती पॉप रिव्हेटनं लावलेली. जुन्या पाट्या ठोकून बसवायच्या पितळी खिळ्यांनी बसवलेल्या असतात, ज्यांच्या दांड्याला तिरके आटे असतात. पॉप रिव्हेट म्हणजे कुणीतरी हल्लीच हात चालवलाय. पाटीखाली चार वेगळीच भोकं होती, गंज भरलेली, पाटीच्या भोकांशी न जुळणारी. आणि रंग खरवडल्यावर चौकटीवर लेस्टरच्या नावाची उठावाची अक्षरं निघाली, पण कडा विरघळलेल्या साबणासारख्या. त्या नावाखाली इथल्याच कुठल्यातरी फाउंड्रीचं चिन्ह. नक्कल होती.

नक्कल पकडायची एक पक्की खूण त्या दिवसापासून मी विसरलो नाही. बीड ओतल्यावर थंड होताना आकसतं, फुटाला जवळपास एक सूत. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, फुटामागे सूतभर मोठी. ज्याला पॅटर्न करायचा नसतो तो मूळ मशीनच वाळूत दाबून साचा काढतो. त्या साच्यातून निघालेली चौकट प्रत्येक फुटामागे सूतभर लहान भरते. चार फुटी चौकट अर्धा इंच कमी. त्या थिकनेसरची चौकट मूळ कॅटलॉगमधल्या आकृतीशी ताडली, तर बरोबर तेवढीच कमी आली. माप घ्यायचं ते रंधा न फिरवलेल्या भागाचं, उदाहरणार्थ दोन पायांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. रंधलेल्या जागा कमीजास्त करून जुळवलेल्या असतात. कारखानदारांना मी सगळं खरं सांगितलं. चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. मशीन मात्र नंतर वीस वर्षं चाललं. नक्कल म्हणजे वाईट असं नाही, पण तिला मूळ मालाचा भाव आणि मूळ मालाचं साल द्यायचं नाही.

तुमच्या मशीनवर मला कुठल्याच फाउंड्रीचं चिन्ह दिसत नाही, आणि '३१' च्या जोड्या जुळतात. अशी जुळवाजुळव नक्कल करणारे सहसा करत नसत. तरी पायांचं माप कळवा.

एजंटाच्या पाटीतून थोडं मिळतं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. त्याआधी 'बॉम्बे १', नंतर '४०० ००१'. म्हणजे पाटी १९७२ च्या आधी बनली. 'मुंबई' असतं तर १९९५ नंतरची. तारेचा पत्ता, टेलिफोनच्या नंबरात किती आकडे, ही सगळी अशीच मदत. परदेशी मशीनांवर देशाचं नाव फार बोलकं असतं. 'पश्चिम जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०, 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९९२ च्या पुढे नाही. कारखान्याचं गावही बघायचं. ए. रॅन्सम हा जुना नामांकित कारखाना १९०० साली लंडनच्या चेल्सीतून न्यूअर्कला गेला. पाटीवर चेल्सी असेल तर मशीन एकोणिसाव्या शतकातलं. पेटंटचा नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. अमेरिकन पेटंटचा १० लाखावा नंबर १९११ साली दिला गेला, २० लाखावा १९३५ साली, ३० लाखावा १९६१ साली. ब्रिटिश पेटंटचे नंबर १९१६ पर्यंत दरवर्षी एकपासून सुरू व्हायचे आणि त्या वर्षी १,००,००१ पासून सलग झाले. पेटंट सांगतं ते 'यानंतरचं' एवढंच, कारण एकच पाटी वीस वीस वर्षं वापरली जायची. व्यापाऱ्यानं तुम्हाला 'वॉडकिनसारखं आहे' असंही सांगितलंय. वॉडकिन हे लेस्टरचं, १८९७ पासूनचं. त्यांच्या नंबराआधी मशीनच्या जातीची अक्षरं असतात, जसं डायमेंशन सॉला पीके, पॅटर्नमेकरच्या लेथला आरएस. तुमच्याकडे नुसता चार आकडी नंबर. म्हणून वॉडकिन म्हणायला मला आत्ता काहीच आधार दिसत नाही.

आता चौथा फोटो, ज्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसलो. डाव्या पायाच्या आतल्या बाजूला तुम्ही जिला गंजाची रेघ म्हणता, ती रेघ नाही. अक्षरं आहेत. जी, आय, पी, आणि पुढचं अर्धं आर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. ठाणेकरांना ती वेगळी सांगायला नको, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून इथे आली ती हीच. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यानंतर कुणी मशीनवर जीआयपीआर ठोकायचं कारण नाही. म्हणजे आपल्याला पलीकडची पक्की हद्द मिळाली: १९५१ च्या आधी हे मशीन रेल्वेच्या ताब्यात होतं. परळ, माटुंगा, कुठल्या वर्कशॉपमध्ये, ते एवढ्यावरून सांगता येणार नाही. माटुंग्याला डब्यांचं काम चालायचं आणि डब्यांत तेव्हा भरपूर लाकूड असायचं, एवढं खरं. लाइनशाफ्टही तिथलाच असणार. पुढे लिलावात आजोबांनी घेतलं असेल. घरात जुन्या पावत्यांची फाइल असेल तर बघा, वखारवाले कागद टाकत नाहीत.

आणि यातून १९२६ चाही घोळ सुटू शकतो. फोटोत त्या आकड्यांची उंची आणि जीआयपीआरच्या अक्षरांची उंची सारखीच दिसते, साधारण दोन सूत. दोन्हीकडे ठोकणाऱ्याचा हातही डावीकडे झुकलेला. तर तो बनवणाऱ्याचा नंबरच नसावा. रेल्वे आपल्या मशीनांना स्वतःचा अनुक्रमांक द्यायची. मग बनवणाऱ्याचा नंबर अजून रंगाखाली कुठेतरी झोपलेला आहे. मी आधी बघतो त्या जागा: शाफ्टचं मोकळं टोक, बेअरिंगच्या बैठकीचा वरचा सपाट भाग, मागच्या टेबलाची शेवटची कड, आणि फेन्सच्या (लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीच्या) ब्रॅकेटची बैठक.

शोधताना ग्राइंडर किंवा तारेची चक्री लावू नका. अर्ध्या मिलिमीटर खोलीचा आकडा दोन मिनिटांत उडतो. एवढ्या जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता, त्यामुळे कोरडं घासायचंही नाही. रंग काढायचं केमिकल लावा, हातमोजे घालून, दार उघडं ठेवून, मग रॉकेल आणि जुना टूथब्रश. जागा पुसून वाळली की पांढरी रांगोळी बोटानं चोळा आणि वरची फुंकून टाका. खोलगट आकड्यात ती अडकते. अंधार करून टॉर्च कडेनं, अगदी आडवी धरा आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा. ३ आणि ८, १ आणि ७ यांचा घोळ अशानं सुटतो. पितळी पाटीला चिंच, लिंबू, ब्रासो काहीही लावू नका. खोदलेल्या अक्षरांतला काळा रंग निघून जातो आणि मग पाटी कोरी होते. आणि हे पाऊस सुरू व्हायच्या आत करा, किंवा काम संपल्या संपल्या उघड्या बिडावर तेलाचा हात फिरवा. आपल्या हवेत रात्रीत लाल होतं.

आजच्या घडीला माझं मत विचाराल तर: ब्रिटिश वळणाचं, पट्ट्यावर चालणारं, १९२२ ते १९४० च्या दरम्यानचं. ब्लॉक नंतर बसवलेला निघाला तर खालचं टोक मागे जाईल. डोकी २०.८ भरली तर वरचं टोक १९५१ पर्यंत सरकेल. व्यापाऱ्याचं १९२६ या काळात बसतं खरं, पण त्यानं ते ज्यावरून सांगितलं ते चूक आहे, आणि भावाची बोलणी करताना हे त्याला सांगायची गरज नाही. किलोवर मात्र देऊ नका. सालापेक्षा टेबलं सरळ आहेत का आणि व्हाईट मेटल फुटलेलं नाही ना, यावर याची किंमत ठरेल. लांब सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन या, नाहीतर मी एखाद्या रविवारी कळव्याला चक्कर मारतो, इथून काय लांब नाही.

टोप्या उघडाल तेव्हा त्यांच्याखाली कागदासारखे पातळ पत्रे निघतील, दोन, तीन, कधी पाच. ते बेअरिंगची फट जुळवायला घातलेले असतात, कचरा समजून झटकू नका. डावे आणि उजवे वेगवेगळ्या डब्यांत, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा.